काकीच्या ओट्यावरनं जानारी सावली

सूर्याबद्दल आमच्या गावात माझ्याइतकी म्हायती कुनाला न्हाय. फक्त तो उगवतो कुठनं, तेवढं मला आत्ता-आत्तापतूर ठाव न्हवतं.

तुमी म्हनाल, पूर्वेला उगवतो की. मी बी तेच म्हनायचो. शाळंत मी गेलो तो पटावर नाव घालायच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी नाव तितंच ठिवून घरी आलो, पन पूर्व-पश्चिम येवढं मला येत हुतं. आता ती पूर्व म्हंजी लिंबाच्या झाडाची का पान्याच्या टाकीची, हे कधी कुनी इचारलं न्हवतं. इचारलं त्या पुन्याच्या मॅडमनी, आन तितनं माझी इज्जत जायला सुरुवात झाली.

आमचं गाव सुप्याच्या अलीकडं. खालच्या अंगाला थोडाफार ऊस, बाकी शाळू, कांदा, आन वर सगळा कोरडा माळ. त्या माळावर पवनचक्क्या आल्या. आमी पंखंच म्हनतो. पयल्या पंख्याचं पातं आलं त्या दिवशी गावात कुनी शेताला गेलं न्हाय. ट्रक असला लांब की तोंड शाळंपशी आन शेपूट पार खालच्या आळीत. वळनावर ट्रक अडला. मी लगीच फुडं झालो. मला कुनी बोलावलं न्हवतं, पन मला कुठंच कुनी बोलवत न्हाय, मी जातो. डायव्हरला हात करून म्हनलं, "येऊ द्या, येऊ द्या, मोकळं हाय, बिनधास्त येऊ द्या." फुडनं खरंच मोकळं हुतं. मागचं टोक मला दिसत न्हवतं. ते टोक वळता-वळता एका गोठ्याचा पत्रा घिऊन गेलं. मी लांबनं हसलो. म्हनलं, कुना बिचाऱ्याचा गेला. तो गोठा माझा निघाला.

बायकांनी पात्याला हळदीकुकू लावलं, नवा ट्रॅक्टर आला की लावत्यात तसं. नारळ फुटला. मी त्या पात्याच्या कडंनं चालत गेलो. चालतोय, चालतोय, बाजूनं पांढरं चकाट पातं हायेच. दिवसभर वटवट करनारा मानूस मी, पन त्या चालन्यात माझ्या तोंडातनं सबुद फुटला न्हाय. गावाला तेवढाच आराम.

त्या दिवशी काकीनं मला इचारलं, "केवढं हाय रं?"

काकी म्हंजी माझी थोरली चुलती. सगळं गाव तिला काकी म्हनतं. माझी आई लवकर गेली, तवापासनं मी हिच्याच चुलीफुडं वाढलो. तिच्या डोळ्यांत काचबिंदू. आता उजेड हाय का अंधार, येवढंच कळतं. कानानं बी बेताचंच ऐकू येतं.

मी म्हनलं, "लई मोठं हाय काकी."

"म्हंजी केवढं?"

मला सांगताच येईना. म्हनलं, "आपल्या घराएवढं."

"मंग त्यात काय येवढं? घर तर रोजच बघतोस की," काकी म्हनली, आन तो इषय तितंच राह्यला.

आता काकीच्या ओट्याचं सांगतो, म्हंजी फुडचं कळंल. काकीचं घर यष्टी स्टँडच्या रस्त्याला, दार उगवतीला. थंडीच्या दिवसांत काकी उजाडलं की ओट्यावर घोंगडी घिऊन बसती, तोंड सूर्याकडं करून. रस्त्यानं कोनी चाललं की ते काकीच्या आन सूर्याच्या मधी येतं. काकीच्या तोंडावर सावली पडती. काकी लगीच म्हनती, "कोन हाय?" मंग जानाऱ्यानं थांबायचं आन सांगायचं, मी हाय काकी, अमक्याची सून, तमक्याचा नातू. काकी म्हनती, "च्या घिऊन जा." च्या कुनी घेत न्हाय. मी सोडून. पन बोलल्याबिगर काकीफुडनं जायचं न्हाय, ही आमच्या गावची रीतच झालीया. परगावचा पाववाला सुदिक गाडी थांबवून सांगतो, "पाववाला हाय काकी." सावली पडली म्हंजी मानूस आला, आन मानूस आला म्हंजी तो बोलनार. काकीला गाव दिसतं ते असं.

गेल्या थंडीत साखरेचं कारखानं चालू झालं आन माझा चुलतभाऊ, काकीचा ल्योक, ट्रॅक्टर घिऊन इंदापूरकडं ऊस वाहायला गेला. वहिनी उजाडताना धार काढून डेअरीला दूध घालाय जायच्या. काकी ओट्यावर येकटी. त्याच दिवसांत माळावरचा टाकीजवळचा पंखा चालू झाला. ह्या दोन गोष्टींचा येकमेकाशी काय संबंध, हे मला दिसलं न्हाय. मला जे सगळ्यांना दिसतं ते उशिरा दिसतं, आन हे तर कुनालाच दिसलं न्हवतं.

येक दिवस च्या प्यायला गेलो तर काकी म्हनली, "संक्रांतीला भिगवनची पोर येनार हाय. तिच्यासंगं मी जानार. आता तिकडंच ऱ्हानार."

काकीची लेक भिगवनला. हायवेवर तिची मच्छीची खानावळ हाय. दोन येळा जेवाय गेलेली काकी दोन्ही येळंला त्याच सांजंला परत आलेली. तितं आख्खा दिवस गाड्यांचा आवाज, आन काकीला कोन वळखतंय?

"का गं? काय झालं?"

काकी म्हनली, "गावानं माझ्याशी बोलनं टाकलंय."

मला हसू आलं. "काकी, गाव तुज्याशी बोलनं टाकंल? गावाला तुज्याबिगर उजाडत न्हाय."

"उजाडल्यावरच टाकलंय. सकाळच्याला माझ्याम्होरनं जात्यात. येकामागं येक. मी म्हनती कोन हाय, कोन हाय. सबुद न्हाय तोंडातनं. परत फिरून येत्यात. मुद्दाम येरझाऱ्या घालत्यात. माझ्या ल्योकानं माळावरची जागा पंख्याला दिली ना, त्याचा राग हाय मानसांना. शेरडं-मेंढरं चरायची तितं. मला आंधळीला छळत्यात." डोळ्याला पदर लावला तिनं. "सगळी हयात हितं काढली रं."

मी बाहेर पडलो तो तडक डेअरीवर. कारन मला लगीच कळलं, ह्यात चूक वहिनींची. म्हनलं, "वहिनी, म्हाताऱ्या मानसाला जपावं लागतं."

वहिनींनी दुधाची किटली खाली ठिवली. "भावजी, सकाळची भाकरी कोन करतं त्यांना?"

"तुमी."

"आंगूळ कोन घालतं?"

"तुमी."

"आन च्या प्यायला कोन येतं?"

रांगंतल्या बाया हसाय लागल्या. मी म्हनलं, बरं हाय, येतो.

मंग मी घरोघर हिंडलो. काकीशी कोन बोलत न्हाय? जो-तो म्हनला, आमी तर बोलतो बाबा, इचार काकीला. वरच्या आळीची म्हातारी म्हनली, "जागेचा राग? आमाला त्या पंख्याची सावली मिळती बसायला. मेंढरं बी त्याच्याच सावलीला बसत्यात." पंख्याची सावली. माझ्या कानावर सबुद पडला हुता बघा. पडला आन तसाच खाली गेला.

त्याच आठवड्यात मॅडम आल्या. तरनी पोरगी, पायांत बूट, पाठीला ही मोठी बॅग. पंख्यावाल्यांनी पाठवलेली. त्यांचं काम असं, की पंख्याच्या पात्यांची सावली कुनाच्या घरावर पडती, किती येळ पडती आन त्याचा मानसाला त्रास हुतो का, ते बघायचं. सगळ्या वस्त्या दाखवाय म्हाईतगार मानूस पायजे हुता. सरपंचांनी माझं नाव सांगितलं. कुठल्या वस्तीवर च्या कितीला हुतो, हे मलाच पाठ हुतं.

मी मॅडमना पयल्याच दिवशी समजावून सांगितलं. "मॅडम, तुमाला उगाच लांबनं पाठवलं. पंखा तिकडं माळावर. घरं हिकडं गावात. सावली काय येवढी चालत येतीया व्हय?"

"काका, तुम्ही सावली कधी बघता?"

"दुपारच्याला. बांधावर झोपायला लागती ना."

"मग सकाळी बघू. उद्या सूर्य कुठून वर येईल, सांगा बरं?"

मी छाती फुगवून लिंबाकडं बोट केलं. "त्या लिंबामागनं. ल्हानपनापासनं बघतोय."

दुसऱ्या दिवशी आमी उजाडायच्या आदी शाळवाच्या रानात उभं. मी लिंबाकडं बोट करूनच उभा हुतो. आन सूर्य आला पान्याच्या टाकीजवळनं, पंख्याच्या मागनं. लिंबापासनं ह्यो येवढा लांब. माझं बोट तिकडंच, सूर्य हिकडंच.

मी म्हनलं, "आज चुकला आसंल."

मॅडम हसल्या न्हाईत, ही त्यांची मोठी गोष्ट. त्यांनी सांगितलं, सूर्य वरीसभर असा सरकत असतो, हिवाळ्यात टाकीकडं, उन्हाळ्यात पार लिंबाच्या बी पलीकडं. रोज थोडा-थोडा. माझा बाप ते बघून पेरनी करायचा. मी बापानं हाक मारली की पेरनी करायचो. येवढी वर्सं सूर्य माझ्या डोळ्यांम्होरनं हिकडनं तिकडं चालत गेला आन परत आला, आन मी येकदा बी मान वर करून बघितलं न्हाय.

तेवढ्यात मॅडम म्हनल्या, "काका, पायांकडे बघा. तुमची सावली."

मी बघितलं. माझी सावली माझ्या पायापासनं निगाली हुती ती रानातली सरी वलांडून, बांध वलांडून, पार पाटापल्याडच्या बाभळीवर चढली हुती. माझी. ह्या येवढ्या मानसाची. मंग मी माळावरच्या पंख्याकडं बघितलं. माझी सावली बाभळीपतूर जाती, तर त्याची कुठवर जात आसंल?

"येतेय," मॅडम म्हनल्या.

आन ती आली. आदी लांबचा बांध काळा झाला. मंग शाळवाच्या कनसांवरनं येक काळी लाट पळत आली, कनसं हालली न्हाईत, काळी झाली आन परत उजळली. हिरीवरनं आली, बसलेल्या मेंढरांवरनं आली, मेंढरांनी मान बी वर केली न्हाय. आवाज न्हाय, वारा न्हाय. आभाळाएवढं कायतरी आपल्या आंगावर धावून येतंय आन त्याचा पायरव न्हाय. माझ्यावर आली तसा मी मटकन खाली बसलो. डोकं वाचवाय. बसलो तो सरीत, आन सरीत रातचं पानी. मॅडमनी हात दिला. म्हनल्या, "काका, सावलीचा मार लागत नाही."

मी म्हनलं, "मला म्हाईत हाय. पायाला रग लागली हुती." तवर दुसरी आली आन मी परत बसलो.

मंग आमी वस्त्या हिंडलो. मॅडम भितीवर पांढरा कागद चिकटवायच्या, तीन पायाच्या घोडीवर कॅमेरा लावायच्या. कागद उजळायचा, काळवंडायचा, परत उजळायचा. येका घरातल्या बाईनं वायरमनला बोलावून बल्बचा होल्डर बदलून घेतला हुता, लाईट भकभक करती म्हनून. बल्ब बंद हुता, तरी करती म्हनून वायरमनला वर शिव्या. दुसरीकडं शेरडाची करडं सावली आली की टुनकन उडी मारायची, घरची पोरं ते बघाय तोंडं न धुता बसायची. मॅडम परत्येकाला इचारायच्या, त्रास होतो का? मी त्यांच्या मागं बसून च्या प्यायचो.

मॅडमच्या कॉम्प्युटरात टाकीजवळच्या पंख्याची सावली ज्या घरांवर पडनार, त्यात काकीचं घर हुतं. संक्रांत तोंडावर आलेली. आमी गेलो तवा काकी ओट्यावर, आन दाराशी तिचं बोचकं बांधून ठिवलेलं. वहिनी आज मॅडम येनार म्हनून घरीच राह्यल्या हुत्या. मॅडमनी मागच्या भितीला कागद लावला. आमी सगळी येका अंगाला उभी, काकीच्या उन्हात कोनी न्हाय.

सूर्य पंख्याच्या मागं आला. काकीच्या तोंडावरनं सावली गेली.

"कोन हाय?" काकी म्हनली.

परत गेली. "कोन हाय गं?"

परत. काकीनं मान खाली घातली. हळू आवाजात म्हनली, "जावा बाबांनो. नका बोलू. संक्रांतीपतूर दम काढा, मंग मी जातीच हाय."

माझ्या हातातली कपबशी तशीच राह्यली. समोर रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. आन काकीच्या तोंडावरनं उजेड-अंधार, उजेड-अंधार, येकामागं येक, जशी काय बाजारची मानसं रांगंनं चाललीत. माळावरनं तो पंखा येवढ्या लांबनं हात करत हुता, आन माझी काकी त्याला कोन हाय इचारत हुती, आन तो उत्तर देत न्हवता.

मी पळत जाऊन तिच्या पायापशी बसलो. "काकी, मानसं न्हाईत ती! पंख्याची सावली हाय!"

"पंखा कुठं, मी कुठं," काकी म्हनली. "सावली काय येवढी चालत येतीया व्हय?"

माझंच बोलनं, माझ्याच तोंडावर. मी सांगितलं, सकाळची सावली लांब असती, माझी बाभळीवर गेली हुती, मी सरीत पडलो. काकी ऐकून घ्यायची आन मान हालवायची. "येकदा म्हनलास यष्टी उलटी आली. येकदा म्हनलास सुप्याच्या बाजारात बोलनारं रेडकू आलंय. आता म्हंतोस पंख्याची सावली माझ्या ओट्यावर आली. गावच्या पोरांना तूच शिकवलं असशील, काकीम्होरनं गप चाला म्हनून."

मी वहिनींकडं बघितलं. वहिनी म्हनल्या, "आत्या, ह्या येळंला खरं बोलत्यात." काकी म्हनली, "तुला बी सामील केलंय."

जल्मभर मानसं हसवली. आता येकदा खरं सांगायची येळ आली, तर माझ्या बोलन्याला वजनच न्हाय. मॅडमनीच मंग काकीपशी बसून तिचा हात हातात घेतला. "आजी, हा हात असा समोर धरा. उन्हात." काकीनं तळवा उगडून सूर्याम्होरं धरला. सावली तळव्यावरनं गेली. "आता मी पंखा थांबवायला सांगते," मॅडम म्हनल्या. पंखा थांबवून बघायचं त्यांचं आदीच ठरलं हुतं. त्यांनी फोन लावला.

माळावरचा पंखा सुस्त झाला. हळू, अजून हळू. काकीच्या हातावरची सावली बी हळू झाली. येक पातं अर्ध्यातच आल्यासारखं झालं, सावली तळव्यावर सरकली, दमलेल्या मानसासारखी, आन पुढं जाऊन थांबली. मंग ऊनच ऊन. काकी हात तसाच धरून बसली.

"आता कोन येत न्हाय," काकी म्हनली.

"आता सोडायला सांगते," मॅडम म्हनल्या, आन फोनवर बोलल्या.

पात्यानं परत अंग हालवलं. सावली आली. काकीची बोटं हालली. दुसरी आली. काकीनं तळवा थोडा वर नेला, मंग खाली नेला, मंग दुसरा बी हात उन्हात धरला. तिच्या तोंडावर असं कायतरी आलं, जे मी त्या तोंडावर कधी बघितलं न्हवतं. पात्याच्या कडंनं चालताना माझं तोंड तसं झालं असंल, पन माझं मला दिसलं न्हाय.

"हिकडनं येतंय," काकी म्हनली, "आन असं हिकडं उतारतंय. तीन हायेत काय गं बाई? येक मोठं, मंग दम, मंग येक, मंग दम..."

"हो आजी, तीन पाती."

"माळावर हाय ना ते? टाकीपशी?"

"हो."

"आन तितनं हितपतूर पोचतंय." काकीनं दोन्ही हात मांडीवर ठिवलं. म्हनली, "केवढं आसंल गं ते!" मंग माझ्याकडं वळली. "आन हा मुडदा म्हनला, घराएवढं."

आमच्या गावात तो पंखा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला हुता. मी तर त्याच्या खाली उभा राहून, मान मोडोस्तवर. तरी मला वाटतं, तो खरा केवढा हाय, ते काकीच्या तळव्याला कळलं.

वहिनींनी बोचकं उचलून आत नेलं. काकी काय बोलली न्हाय, म्हंजी ऱ्हायचं ठरलं.

मला वाटलं, आता काकी म्हनंल, राहू दे त्याला, मला सोबत हुती. तसलं काय न्हाय. मॅडमनी इचारलं, "आजी, त्रास होतो का?" काकी म्हनली, "व्हय. त्येला सकाळच्याला बसवा जरा. लई मोठा आसंल, पन त्याच्यापायी मला मानसं वळखू येईनात." मॅडमनी तसंच लिहून दिलं. त्या म्हनल्या, सूर्य सरकला की सावली शेजारच्या वस्तीवर जाईल, आन पुढच्या थंडीत परत काकीच्या ओट्यावर येईल. ह्या थंडीत ती यायच्या दिवसांत पंख्यावाले उजाडल्यावर तो पंखा थोडा येळ थांबवत्यात. ऊन वर आलं की सोडत्यात. रोज सकाळी आमच्या माळावर तो येवढा मोठा पंखा काकीसाठी हात जोडल्यागत उभा असतो. रस्त्यानं जाताना मी त्याच्याकडं बघतो, मंग सूर्याकडं बघतो, आज कुठनं आला म्हनून. टाकीपशीच असतो. मी बोट करत न्हाय.

परवा म्हनलं, काकीची गंमत करू. ओट्याम्होरं गेलो, सूर्याच्या आड उभा राह्यलो, तोंडातनं सबुद काढला न्हाय. आन दोन्ही हात पसरून पंख्यासारखं फिरवाय लागलो. सावली पडती, जाती, पडती, जाती. वाटलं, आता म्हनंल, पंखा चालू झाला का काय.

काकीनं घोंगडी नीट केली. तोंड बी वळवलं न्हाय.

"तो पंखा वीज तरी करतो," ती म्हनली. "तू नुसतंच ऊन आडवतोस. सर बाजूला."